एसएसबीवरचा आवाज आपोआप जुळवता येतो का?

तुमचा प्रश्न असा: एएमवर डायल थोडा इकडेतिकडे असला तरी आवाज धड येतो, एफएमवर तर एएफसीच (फ्रिक्वेन्सी आपोआप जुळवणारं सर्किट) काम करतं, मग एसएसबीवरच (सिंगल साइडबँड, म्हणजे हौशी रेडिओवरची एकाच बाजूचा पट्टा पाठवायची पद्धत) प्रत्येक स्टेशनला हाताने नीट का लावावं लागतं? आणि रिसीव्हरमधून आलेला ऑडिओ तपासून हे काम संगणकाला देता येईल का? देता येतं. मी करून पाहिलंय, दोनदा फसल्यावर.

अडचण एवढीच, की एसएसबीत कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) प्रक्षेपित होतच नाही. तो आपल्याकडे बीएफओ (रिसीव्हरमधला छोटा ऑसिलेटर) नव्याने घालतो, आणि नेमका कुठे घालायचा याची खूण सिग्नलमध्ये उरलेली नसते. डायल ४० हर्ट्झने चुकला की आवाजातली प्रत्येक फ्रिक्वेन्सी ४० हर्ट्झनेच सरकते. टेप वेगात फिरवल्यावर सगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच पटीत वाढतात, आवाज बारीक होतो पण सुरांचं नातं टिकतं. इथे तेच नातं मोडतं, म्हणून बोलणारा बदकासारखा वाटतो.

पण खूण बोलणाऱ्याच्या गळ्यात असते. स्वरतंतू सेकंदाला १२० वेळा कंप पावत असतील तर स्वरांमध्ये १२०, २४०, ३६०, ४८० असे हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सूर) असतात. ते ४० ने वर सरकले आणि ३०० च्या खालचं फिल्टरने कापलं, की स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे, त्या आलेखात) ४००, ५२०, ६४०, ७६० अशी शिखरं दिसतात. शेजारच्या दोन शिखरांमधलं अंतर अजून १२०च आहे, कारण सगळी मिळून सरकली. म्हणजे मूळ पट्टी कळली. आता ४०० ला १२० ने भागा, बाकी ४०. ती चूक.

मी पहिल्यांदा फसलो तो इथेच. बाकी ४० येते तेव्हा खरी चूक −८० किंवा १६० सुद्धा असू शकते, गणिताला तिन्ही सारखीच. माझ्या प्रोग्रामने एका स्टेशनला एक अख्खा हार्मोनिक बाजूला नेऊन बसवलं आणि वर ‘चूक शून्य’ असं दाखवलं! कान मात्र ओरडून सांगत होता.

सोडवणूक बोलण्याच्या चालीत आहे. माणूस एका पट्टीत बोलत नाही. प्रश्न विचारताना आवाज चढतो, वाक्य संपताना उतरतो. तीच व्यक्ती १४० वर गेली की शिखरं ३२०, ४६०, ६००, ७४० ला येतात आणि उमेदवार होतात −१००, ४०, १८०. आधीचे होते −८०, ४०, १६०. दोन्हीकडे आहे तो फक्त ४०. म्हणून ऑडिओच्या एकेका छोट्या तुकड्याच्या उत्तरावर विसंबू नका. प्रत्येक तुकड्यातले सगळे उमेदवार ५ हर्ट्झच्या खणांच्या हिस्टोग्राममध्ये (कुठला आकडा किती वेळा आला, त्या तक्त्यात) टाकत जा आणि जुन्या नोंदी हळूहळू विरू द्या. काही सेकंद सलग बोलणं मिळालं की खरा खण वर येतो. एकसुरी बोलणाऱ्याला जास्त वेळ लागतो, त्याला इलाज नाही.

सेकंदाला ८००० नमुने घेऊन १०२४ नमुन्यांचा एफएफटी (तुकड्यातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित) केला तर तुकडा १२८ मिलिसेकंदांचा आणि एफएफटीचा खण साधारण ७.८ हर्ट्झचा होतो. शिखराचं नेमकं स्थान शेजारच्या खणांवरून इंटरपोलेट करून काढा. तुकडा याहून लांब केला तर त्याच्या आतच पट्टी बदलते आणि वरचे हार्मोनिक्स पसरट होतात. अंतर मोजताना शक्य तितकी शिखरं धरा, पण बाकी काढताना खालचीच घ्या, कारण पट्टीच्या अंदाजात १ हर्ट्झची चूक झाली तर तिसऱ्या हार्मोनिकवर ती ३ होते, पंधराव्यावर १५. ‘स’, ‘श’सारख्या व्यंजनांत हार्मोनिक्स नसतातच, असे तुकडे आणि मधले विराम सरळ टाकून द्या.

दुसरी फसगत जास्त लाजिरवाणी. दुरुस्ती मी थेट रिगच्या (रेडिओ संचाच्या) व्हीएफओला, म्हणजे प्रक्षेपणही हलवणाऱ्या मुख्य ट्यूनिंगला, पाठवत होतो. समोरच्यानेही दर ओव्हरला (बोलण्याच्या पाळीला) मला नव्याने जुळवलं, माझं प्रक्षेपण त्यामुळे पुन्हा सरकलं, आणि अशा पाठशिवणीत आम्ही दोघे बँडवर चालत निघालो. दुरुस्ती फक्त ऐकण्याच्या बाजूला करा: आरआयटीवर (प्रक्षेपण न हलवता फक्त रिसीव्हर सरकवणारी सोय), किंवा त्याहून बरं म्हणजे ऑडिओवरच, हिल्बर्ट फिल्टर लावून (त्याच्या मदतीने सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच हर्ट्झने सरकवता येतात). आरआयटीला पाठवत असाल तर एलएसबीवर (खालचा साइडबँड वापरताना) दिशा उलटी होते, हे विसरू नका.

एक आळशी उपायही सांगतो. आजच्या सिंथेसाइझ्ड रिगवाले बहुतेक पूर्ण किंवा अर्ध्या किलोहर्ट्झवर बसतात. तुमच्या रिगमधला रेफरन्स ऑसिलेटर नीट कॅलिब्रेट केलेला असेल (१४ मेगाहर्ट्झवर १ पीपीएम, म्हणजे दशलक्षात एका भागाची चूक, १४ हर्ट्झ होते), तर आधी जवळच्या ५०० च्या पटीवर जा. निम्म्याहून जास्त वेळा पुढचं गणित लागतच नाही. दोघे एकदम बोलत असतील तर मात्र हार्मोनिक्सची ही पद्धत चालत नाही.

सुरुवात हवेतल्या सिग्नलवर करू नका. स्वच्छ रेकॉर्ड केलेला आवाज घ्या, ३०० ते २७०० मध्ये फिल्टर करा, ठरावीक हर्ट्झने सरकवा, मग गोंगाट मिसळत जा आणि अंदाज कुठे कोसळतो ते पाहा. वेगवेगळ्या पट्टीचे निदान चार आवाज घ्या. माझ्याच जाड आवाजावर जुळवलेला प्रोग्राम लहान मुलाच्या आवाजावर साफ आपटला होता, कारण पट्टी शोधण्याची वरची मर्यादा मी २०० वरच ठेवली होती.