वाचकांचे प्रश्न : एका इंजिनावर परतलेली ‘ताके’

प्रश्न : जपानच्या ‘ताके’ या लहान विनाशिकेने दुसऱ्या महायुद्धात मोठी अमेरिकन विनाशिका बुडवली, असे वाचनात आले. केवळ राखणीसाठी बांधलेल्या जहाजाला हे कसे जमले आणि पुढे त्याचे काय झाले?
– एक वाचक, मिरकरवाडा, रत्नागिरी

उत्तर : ‘ताके’ म्हणजे बांबू. या वर्गातील विनाशिकांना जपानी नौदलाने झाडांची नावे दिली होती (बांबू झाड की गवत, हा वाद तूर्त बाजूला ठेवू). प्रशांत महासागरातल्या ग्वादालकनाल बेटाच्या लढायांत मोठ्या विनाशिका इतक्या झपाट्याने कामी आल्या, की लवकर बांधून होतील अशी साधी जहाजे काढण्यावाचून नौदलाला गत्यंतर उरले नाही. योकोसुकाच्या गोदीत ऑक्टोबर १९४३ मध्ये बांधायला घेतलेली ताके जून १९४४ मध्ये सेवेत आली. वेग जेमतेम २८ नॉट, तोफा तीन आणि पाणतिरांच्या (टॉर्पेडोंच्या) नळ्या चार.

पण त्या नळ्यांतले पाणतीर ६१ सेंटिमीटर व्यासाचे होते. त्यांत हवेऐवजी शुद्ध प्राणवायू वापरलेला असल्यामुळे पल्ला लांबचा आणि पाण्यावर बुडबुड्यांची रेघ अगदी पुसट असे. मनिलाहून सैन्य घेऊन फिलिपिन्समधल्या ओर्मोकच्या उपसागरात आलेल्या ताफ्याबरोबर ताके आणि तिच्याच वर्गातील ‘कुवा’ होत्या. ३ डिसेंबर १९४४ रोजी मध्यरात्र उलटते तोच तीन अमेरिकन विनाशिकांशी गाठ पडली. कुवा बुडाली, मात्र ताकेच्या पाणतिराने सहा तोफांची ‘कूपर’ तळाला गेली आणि तिच्यावरील १९१ जण मृत्युमुखी पडले.

आमच्या मते खरे कौतुक यानंतरचे आहे. आपल्याकडच्या ट्रॉलरचे एकुलते इंजिन भर दर्यात बंद पडले, तर दोर बांधून दुसऱ्या बोटीने ओढून आणावे लागते, हे मिरकरवाड्यात वेगळे सांगायला नको. ताकेच्या वर्गात बॉयलर, इंजिन, पुन्हा बॉयलर, पुन्हा इंजिन अशी आडव्या भिंतींनी विभागलेली रचना होती. त्यामुळे एका घावात दोन्ही इंजिने गारद होण्याचा धोका कमी झाला. त्या रात्री एका इंजिनघरात पाणी शिरून जहाज कलले, तरी उरलेल्या इंजिनावर ते मनिलाला पोहोचले.

युद्ध संपल्यावर ताकेने परदेशात अडकलेल्या जपान्यांना मायदेशी आणण्याच्या फेऱ्या केल्या. १९४७ मध्ये ती युद्धभरपाईपोटी ब्रिटनकडे गेली आणि पुढे भंगारात मोडली गेली.