सन-इन-लॉ म्हणजे दर वेळी जावई नव्हे

प्रश्न असा आलाय: सूनबाईंचं माहेर अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं. त्यांच्या घराण्याचे सतराव्या शतकातले कागद लावताना एका मृत्युपत्रात ‘सन-इन-लॉ’ला जमीन दिलेली सापडली, पण मुलीचा उल्लेख कुठेच नाही. तरी जावईच धरायचा ना? आणि जमिनीची मापं ‘पोल’मध्ये आहेत, ती कशी समजायची?

जावई मुळीच धरू नका. कागदावर नसलेली मुलगी जन्माला घालून तिचं लग्नही लावून देणारे हौशी वंशावळकार बघून आता वीट आलाय. त्या काळी सन-इन-लॉ म्हणजे सावत्र मुलगासुद्धा. यातला ‘लॉ’ चर्चचा. लग्नामुळे जुळलेली आणि म्हणून आपसात लग्नाला बंदी असलेली नाती, ती सगळी ‘इन-लॉ’. त्यात जावई बसतो तसा बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा मुलगाही बसतो. काही कोश या अर्थाला ‘चुकीचा वापर’ म्हणून हिणवतात. मग १७७३ साली मेरीलँडच्या बेनेडिक्ट कॅल्व्हर्ट या जमीनदाराला पत्र लिहिताना जॉर्ज वॉशिंग्टनही चुकला म्हणायचं! बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याचा मुलगा जॅक कस्टिस, त्याला तो ‘माझा सन-इन-लॉ’ म्हणतो. वॉशिंग्टनला स्वतःचं मूलच नव्हतं, जावई येणार कुठून?

आता खरी गंमत. सावत्र मुलाला आज ‘स्टेपसन’ म्हणतात, त्यातला ‘स्टेप’ म्हणजे पायरी, एक पायरी खालचं नातं, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. साफ खोटं. जुन्या इंग्रजीत ‘स्टेओप’ म्हणजे हिरावलेलं, पोरकं. ‘स्टेओपचिल्ड’ म्हणजे आधी चक्क अनाथ मूल. सावत्र हा अर्थ मागून आला. इंग्रजीने नातं पोराच्या दुःखावरून ओळखलं. आपण? ‘सपत्नी’वरून सवत, आणि सावत्र त्याच घरातला. म्हणजे आपली नजर आईबापांच्या भानगडीवर! व्हर्जिनियात तर सवतीचा पत्ताच नाही: तापाने नवरे पटापट मरायचे आणि विधवा लगेच दुसरं लग्न करायच्या. अशा पोराला ‘सावत्र’ म्हणताना माझी जीभ अडखळते. गुजरातीत याला ‘आंगळियात’ हा नेमका शब्द आहे: आईचं बोट धरून नव्या घरी आलेलं पोर. शेजारी राहून हा शब्द आपण उचलला कसा नाही, हे मला कळत नाही. मी तर तो मराठीत बिनदिक्कत वापरतो. शुद्धिवाद्यांनी खुशाल नाकं मुरडावीत.

तर या पोराचा बाप शोधायचा असेल तर मृत्युपत्र करणाऱ्याच्या बायकोचं आधीचं आडनाव शोधा आणि काउंटी कोर्टाच्या नोंदींत ‘ऑर्फन’ हा शब्द बघा. तिथे ऑर्फन म्हणजे बाप मेलेलं मूल, मग आई हयात का असेना. वारशाची जमीन वा पैसा असला की पालक नेमला जायचा, त्याला कोर्टात हिशेब द्यावा लागायचा. त्या हिशेबात खऱ्या बापाचं नाव बहुधा सापडतं. आणखी एक: मृत्युपत्रात ‘माय नाऊ वाइफ’ (माझी आत्ताची बायको) दिसलं की लगेच आधीची बायको शोधायला निघू नका. आपल्यामागे मिळकत आत्ताच्या बायकोलाच जावी, पुढे दुसरी केली तर तिला नको, एवढाच कायदेशीर बंदोबस्त त्यात असू शकतो.

हां, पोल राहिला. साडेसोळा फूट. दोन पोल म्हणजे ३३ फूट, आपल्या गुंठ्याची बाजू; १६० चौरस पोलांचा एक एकर, म्हणजे तुमचे ४० गुंठे.