पोस्टरं नंतर, आधी पीडीएफ

कॉलेजच्या समान संधी कक्षात नवीन आली आहेस, तर जनजागृतीची पोस्टरं जरा बाजूला ठेव. आधी दृष्टिहीन विद्यार्थ्यांना विचार, कुठे अडतं. परस्पर ठरवू नकोस. मग विभागाच्या नोट्सच्या पीडीएफ उघड. मजकूर माऊसने सिलेक्ट होत नसेल तर तो नुसता फोटो. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचायला काहीच नाही. मराठी परिपत्रकांची तऱ्हा आणखी न्यारी! श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधलं टायपिंग डोळ्यांना मराठी दिसतं, कानांवर मात्र असंबद्ध अक्षरं आदळतात. तिथे युनिकोडचाच, म्हणजे कुठल्याही संगणकाला ओळखता येणाऱ्या प्रमाणित अक्षरांचाच, आग्रह धर. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, लॅबमध्ये टाकून घे आणि प्राध्यापकांना त्यांचीच फाइल ऐकव. तरीही कोणी 'बघू' म्हणालं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२, माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात देण्याबद्दलचं, पुढे कर. लेखी अर्जासकट.