नोकरी सोडून फिल्म करू का?

हिंजवडीत नोकरी, दोन शॉर्टफिल्म झाल्यात, आता साठवलेल्या १२ लाखांत मोठी फिल्म करायची, त्यासाठी नोकरी सोडू का, असं विचारलंय तुम्ही. फिल्म जरूर करा. नोकरी मात्र इतक्यात सोडू नका, कारण तुम्ही दिलेल्या बजेटमध्ये शूटिंगच्या पुढचा एक रुपयाही धरलेला नाही.

माझी पहिली फिल्म अशीच अडकली. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात १९ दिवस शूट केलं आणि पैसे तिथेच संपले. एडिटला बसल्यावर लक्षात आलं, आजी-नातवाच्या मुख्य सीनमागे पाण्याची मोटर घरघरतेय. डबिंगला पैसे नव्हते. खोलीचा रूम टोनही, म्हणजे कुणी बोलत नसताना तिथे असलेला नुसता आवाज, घेतला नव्हता, त्यामुळे संवाद थांबला की आवाज खाडकन तुटायचा. हार्ड डिस्क १४ महिने कपाटात पडून होती. आजी झालेल्या बाईंनी मानधनाचं नावही न काढता काम केलं होतं. लक्ष्मी रोडवर भेटल्या की विचारायच्या, "कधी दाखवताय?" ते अजून बोचतं. शेवटी लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पैसे जमवले. आजही घर एडिटिंगवरच चालतं, आणि तिसरी फिल्मही त्याच जोरावर उभी राहतेय.

म्हणून एडिट, डबिंग, मिक्सिंग, कलर, डीसीपी (थिएटरमध्ये चालवायची डिजिटल प्रत), सेन्सॉर यांसाठी निम्मे पैसे आधीच बाजूला काढा. साउंड रेकॉर्डिस्ट चांगलाच घ्या. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर रूम टोन घ्या. सरकारी अनुदान हिशेबात धरू नका, ते फिल्म पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावरचं. रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, हातात आला की गोव्याच्या फिल्म बझारच्या (आता वेव्हज फिल्म बझार) वर्क-इन-प्रोग्रेस लॅबला अर्ज करा, तिथे अपुऱ्या फिल्मवर जाणकारांचं मत मिळतं.

एफटीआयआयला, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला, प्रवेश मिळाला नाही याची खंत नको. दिग्दर्शिका सुमित्रा भावे फिल्म शिकलेल्या नव्हत्या, त्या समाजशास्त्राच्या. 'बाई' ही त्यांची पहिली शॉर्टफिल्म १९८५ची, म्हणजे चाळिशी उलटल्यावरची. सहदिग्दर्शक सुनील सुकथनकरांबरोबर त्या पुण्यात राहूनच फिल्म करत गेल्या, आणि त्यांच्या 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ जाहीर झालं ते २०१७ मध्ये. तुम्ही तर २९चे आहात.

वाड्यात शूट करणार असाल तर मोटर कुणाची आणि किती वाजता लागते, हे आधी विचारून ठेवा. रफ कट झाला की मला पाठवा, आवाज ऐकून सांगतो.