मुलीला अंटार्क्टिकाच्या सूत्रकृमींवर काम करायचंय, काय करू?

नमस्कार ताई,

ऐरोलीहून तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावी सायन्सला आहे, एक व्हिडिओ बघितल्यापासून अंटार्क्टिकाच्या मातीतल्या सूत्रकृमींवरच (दोऱ्यासारखे बारीक जंत, नेमाटोड) रिसर्च करणार म्हणतेय आणि तिचे बाबा म्हणतात जंतांवर कोण करिअर करतं, गुपचूप नीट दे.

विषय फालतू अजिबात नाहीये. तिकडे मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज म्हणून भाग आहे, इतका कोरडा की जमिनीवर बर्फही फारसा टिकत नाही, तिथल्या मातीत स्कॉटनेमा लिंडसेई हा सूत्रकृमी राहतो, मिलिमीटरपेक्षाही छोटा, माती सुकली की अंगातलं जवळपास सगळं पाणी सोडून वेटोळं करून पडून राहतो आणि ओल मिळाली की परत वळवळायला लागतो. अमेरिकेच्या डायना वॉल यांनी यावर अख्खं करिअर केलं, तिथल्या एका दरीला त्यांचं नाव दिलंय.

पण अंटार्क्टिका म्हणजे थोडे दिवस सॅम्पल गोळा करणं, बाकी वर्षभर लॅबमध्ये मान खाली घालून मोजत बसायचं. हे तिला झेपतं का ते आत्ताच बघा ना, फनेलच्या नळीला रबरी ट्यूब आणि चिमटा लावा, आत टिश्यूवर कुंडीतली किंवा सोसायटीच्या बागेतली ओलसर माती ठेवा, माती भिजेल इतकं पाणी भरा, दुसऱ्या दिवशी खालचं थोडं पाणी काढून त्यात उतरलेले सूत्रकृमी कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली बघून मोजायचे (फनेल किचनमधला नको, वेगळा घ्या). दोन-तीन तास मोजून पण तिला मजा आली तर पुढचं बोलू.

आता रस्ता. बीएससी झूलॉजी करून पण जाता येतं, ठाण्यात कॉलेजं आहेतच, पण माझं मत बीएससी अ‍ॅग्री. आपल्याकडे सूत्रकृमींचं शिक्षण जास्त करून शेतीकडेच आहे, दिल्लीच्या आयएआरआयमध्ये (भारतीय कृषी संशोधन संस्था) त्याचा स्वतंत्र विभाग आहे, आणि डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी काही अंटार्क्टिकात नाहीत, आपल्याच शेतकऱ्याला छळतात, म्हणजे ध्रुवावर नाही जमलं तरी काम आहे. ध्रुवीय मोहिमा गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून जातात, आपली स्टेशनं मैत्री आणि भारती, ड्राय व्हॅलीजपासून बरीच लांब, आर्क्टिकला 2008 पासून हिमाद्री आहे. पण हे सगळं एमएससी, पीएचडीच्या टप्प्यावर, पगार उशिरा सुरू होतो हे बाबांना आधीच सांगून टाका.

यंदा नीट आणि अ‍ॅग्रीसाठी सीईटी दोन्ही देऊ दे, बायोलॉजी तीच आहे, भांडण कशाला. सीईटीचा फॉर्म तेवढा वेळेत भरा, पीसीबी ग्रुपचा.