इसार देण्याआधीची धाकधूक

“मॅडम, जिंदगीभराची कमाई लावाची आन् मंग फसलो तं?” कापसाचे पैसे हातात आले की सल्ल्याला येणाऱ्यांकडून हा प्रश्न मला ऐकू येतोच. पोरांच्या शाळेसाठी तालुक्याला घर हवं असतं, पण पाऊल उचलत नाही.

हिंगणघाटजवळच्या खेड्यातलं एक जोडपं असंच आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दादा जिनिंगमध्ये कामाला, ताई अंगणवाडी सेविका. शहराबाहेरच्या लेआउटमधलं तयार स्लॅबचं घर पसंत पडलेलं, दलालाचा इसारासाठी तगादा सुरू आणि दादांची झोप उडालेली.

अशा वेळी मी नुसता धीर देत बसत नाही, कारण ही भीती खोटी नसते. शहरालगतच्या कित्येक लेआउटची जमीन कागदोपत्री अजून शेतीच असते. विकणाऱ्याने यांना दाखवला होता ग्रामपंचायतीचा नमुना 8. तो घरटॅक्सच्या आकारणीचा उतारा. त्याने मालकी सिद्ध होत नाही. अकृषिक आदेश (म्हणजे जमीन शेतीऐवजी घरांसाठी वापरायची परवानगी), मंजूर नकाशा आणि सातबारा मागा, असं मी सांगितलं. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा किंवा विकणाऱ्याच्या बहिणींची नावं आहेत का, ते बघा. वकिलाकडून जमिनीच्या मागच्या 30 वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल घ्या. तोवर इसार नाही.

घर पुन्हा बघायला गेले तेव्हा ताईंनी एक गोष्ट हेरली. मागच्या खोलीची एकच भिंत ताजी रंगवलेली होती. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली चीर रंगाखालीही बोटाला लागत होती. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंती अशा तडकतात. दलालाचा नव्हे, आपल्या ओळखीचा मिस्त्री न्यायचा तो यासाठी. मे महिन्यात पाणी किती दिवसाआड येतं, हे ताईंनी शेजारणीलाच विचारून घेतलं. असं विचारायला बायका पुरुषांपेक्षा कमी संकोचतात, हा माझा अनुभव.

पुढच्या बैठकीत मी घर कुणाच्या नावावर घेणार ते विचारलं. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. ताईंचे दागिनेही या घरात जाणार होते. दादा गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाले, “नावाचं काही नाही मॅडम. आई येत नाही म्हन्ते. तिले एकटं टाकून कसं जावं?”

कागद सगळे नीट निघाले असते तरी या माणसाला झोप लागली नसती. आईशी हे बोलणं घरात एकदाही झालेलं नव्हतं. पुढच्या वेळी आईंनाही घेऊन या, म्हटलं. आजी आल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, “थ्या घराले आंगन हाय का?” त्यांना गाव सुटण्यापेक्षा दिवसभर बंद खोलीत बसण्याची धास्ती होती. पेरणी ते वेचणी गावात आणि उन्हाळा पोरांजवळ, असं त्यांनी स्वतःच सुचवलं.

अकृषिक आदेश विकणाऱ्याला शेवटपर्यंत दाखवता आला नाही, तेव्हा ते घर सोडलं. सध्या दुसऱ्या एका घराचे कागद वकिलाकडे आहेत. ते बघायला तिघंही गेले होते. पुढे ओटा आहे, बोअरला पाणी आहे. इसार अजून दिलेला नाही.