पन्नास खोके की पन्नास खोकी?

प्रश्न असा आला आहे: “पोते-पोती, मडके-मडकी, तसे खोके-खोकी. मग ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा व्याकरणाने चूक नाही का?”

चूक नाही. मराठीत ही दोन नामे शेजारी शेजारी नांदतात. एक नपुंसकलिंगी ‘खोके’ (बोलताना ‘खोकं’), त्याचे अनेकवचन ‘खोकी’. दुसरा पुल्लिंगी ‘खोका’, त्याचे ‘खोके’. माळ्यावर टीव्हीचे रिकामे खोके असेल किंवा रिकामा खोका असेल, घरोघरी वेगळे ऐकू येते. पैशाच्या भाषेत मात्र फक्त खोकाच चालतो. क्रियापद लावून बघा: ‘पन्नास खोके घेतले’ असेच लोक म्हणतात. ‘पन्नास खोकी घेतली’ म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल, घर बदलताय.

पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, ही मुंबईची परिभाषा. खंडणीखोर, बिल्डर, दलाल अशा मंडळींच्या तोंडची. पैसे पेटीत आणि खोक्यात भरून नेत म्हणून ही नावे पडली, असे सर्रास सांगतात. मला ते फारसे पटत नाही. लाख रुपये म्हणजे आज पाचशेच्या दोन गड्ड्या, त्या सदऱ्याच्या खिशात जातात. त्याच हिशेबाने कोटीच्या दोनशे होतात, तेव्हा निदान खोक्याचे तरी जुळते. फोनवर आकडा उच्चारायला नको, एवढे कारण अशा शब्दांना पुरेसे असते.

आकडा लपवायला आलेला हा शब्द व्याकरणाने मापासारखा वागतो. ‘पन्नास कोटी रुपये’ म्हणतो, पण ‘पन्नास खोके रुपये’ कोणी म्हणत नाही, कारण रुपये खोक्यातच आले. पेटीचे तर अनेकवचनही होत नाही. ‘पाच पेटी दे’ म्हटले तर पाच लाख. वाशीच्या बाजारातही ‘शंभर पेटी माल’ आला म्हणतात, तशातली गत.

आता घोषणा. जून 2022 मध्ये एकनाथ शिंदे शिवसेनेचे आमदार घेऊन सुरतमार्गे गुवाहाटीला गेले आणि उद्धव ठाकरे यांचे सरकार पडले. तिथून सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे फोनवरचे बोलणे बाहेर आले. त्यात सगळे ‘ओक्के’ असल्याचा निर्वाळाही होता. ऑगस्टच्या पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधान भवनाच्या पायऱ्यांवर त्या ओक्केला खोके जोडले. प्रत्येक आमदाराला पन्नास कोटी मिळाले, असा आरोप चार शब्दांत बसला. शिंदे गटाने तो फेटाळला. सत्ताधाऱ्यांनी तेच यमक विरोधकांवर उलटवले आणि 24 ऑगस्टला त्याच पायऱ्यांवर दोन्ही बाजूंचे आमदार एकमेकांना भिडले.

इथे ‘खोकी’ घातले असते तर यमक गेले असते, हे उघडच आहे. पण पुल्लिंगी रूपाचा आणखी एक फायदा झाला. मुंबईच्या हिंदीतही ‘खोका-खोके’च आहे. ‘पन्नास’चे ‘पचास’ केले की घोषणा जशीच्या तशी हिंदी वाहिन्यांवर चालली.

त्याच वेळी ‘मिंधे’ हा शब्दही वर आला, शिंदे या आडनावाशी यमक जुळवून. तो अस्सल जुना: ज्याचे उपकार घेतले त्याच्यापुढे मान वर होत नाही, तो मिंधा. लाच घेतल्यावर माणसाचे काय होते ते त्यात आले, आकडा न सांगता. माझ्या मते दोन्हींत हाच जहाल. पण मिंधे म्हटले की कोणाचे मिंधे, ते सांगावे लागते. खोक्यांना ती अडचण नाही.

विरोधक शिंदे सरकारला ‘खोके सरकार’ म्हणत, तो जोडशब्द कानाला खटकतो, हे मान्य. लिहिताना अडलेच तर विभक्तीचा आधार घ्या. ‘खोक्यांचा आरोप’, ‘खोक्यांचे राजकारण’ म्हटले की खोका आणि खोके यांचे सामान्यरूप एकच होते आणि लिंगाचा प्रश्नच उरत नाही.